३६ महिने, ३६ कोटी आणि एकच गिऱ्हाईक : सी-डॉटचं प्रकरण

ज्यांनी ट्रंक कॉल बुक करून अख्खी दुपार फोनपाशी काढलीय त्यांना वेगळं सांगायला नको, पण ज्यांच्या हातात पहिल्यापासून मोबाइलच आला त्यांच्यासाठी थोडं मागे जाऊ. १९८१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ६८ कोटी आणि फोन किती, तर २० ते २५ लाखांच्या घरात. नव्या फोनसाठी नंबर लावायचा आणि विसरून जायचं. आलाच फोन तर महिन्यातले काही दिवस डेड, उरलेले दिवस क्रॉस कनेक्शन. गावाबाहेर बोलायचं तर बऱ्याच ठिकाणी ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग यातला एक कॉल निवडायचा, आणि लाइटनिंगसुद्धा नावालाच विजेच्या वेगाचा. फोन ही चैन आहे, गरज नाही, हीच तेव्हाची सरकारी समजूत होती.

या पार्श्वभूमीवर १९८४ मध्ये सी-डॉट (सेंटर फॉर डेव्हलपमेंट ऑफ टेलिमॅटिक्स) नावाची संस्था निघाली आणि तिने भारतीय बनावटीचं डिजिटल टेलिफोन एक्सचेंज, म्हणजे एका फोनचा कॉल दुसऱ्या फोनला जोडून देणारं यंत्र, करून दाखवलं. ही गोष्ट आपल्याकडे दोनच प्रकारे सांगितली जाते. एक म्हणजे अमेरिकेतून इंजिनिअर सॅम पित्रोदा आले आणि त्यांनी क्रांती केली. दुसरी म्हणजे सरकारी काम, सुरुवातीला गाजावाजा आणि नंतर थंड. मला दोन्ही अर्धवट वाटतात, कारण दोन्हीत सगळा भार माणसांवर टाकलाय आणि मांडणीकडे कुणी बघतच नाही. माल डिझाइन कोण करणार, बनवणार कोण, पास कोण करणार, विकत कोण घेणार आणि त्याच्या पुढच्या मालाचा खर्च कोण उचलणार, हे पाच प्रश्न घेऊन बसलं की सी-डॉट जिथे चाललं तिथे का चाललं आणि जिथे अडलं तिथे का अडलं ते बरंच उलगडतं.

आधी सी-डॉटच्या अगोदरची मांडणी बघू. फोन पोस्ट आणि तार खात्याकडे होता. यंत्रं बनवायला बंगळूरची आयटीआय (तालुक्याची आयटीआय नव्हे, इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, १९४८ ची, स्वतंत्र भारताचा पहिला सार्वजनिक उद्योग). संशोधनाला १९५६ पासून दिल्लीत टेलिकम्युनिकेशन रिसर्च सेंटर, म्हणजे टीआरसी, आणि तेही खात्याचंच. थोडक्यात धोरण ठरवणारं, चालवणारं, विकत घेणारं आणि तपासणारं घर एकच. आयटीआयने जे बनवलं ते खातं घेणारच, त्यामुळे आयटीआयला घाई नाही, आणि खात्याकडे लाखोंची वेटिंग लिस्ट, त्यामुळे ग्राहक पळून जायची भीती नाही. नवीन काही करायची निकड कुणाला वाटेल अशी जागाच त्या साखळीत नव्हती.

तंत्रज्ञान बाहेरून यायचं. आधी ब्रिटिशांचं स्ट्रोजर जातीचं एक्सचेंज, मग १९६४ चा करार करून बेल्जियमच्या बेल टेलिफोन कंपनीचं क्रॉसबार जातीचं. या क्रॉसबारची गोष्ट मला सगळ्या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. ते यंत्र युरोपात व्यवस्थित चालत होतं, कारण तिथे घरोघरी फोन आणि दिवसाला एका फोनवरून मोजके कॉल. इथे अख्ख्या गल्लीत फोन एक, दुकानात ठेवलेला, सकाळपासून रात्रीपर्यंत रिसीव्हर गरम. त्यात एकदा लागला नाही की माणूस परत फिरवतो, परत फिरवतो, म्हणजे एका कॉलसाठी पाच प्रयत्न, आणि एक्सचेंजला प्रत्येक प्रयत्नासाठी काम करावंच लागतं. यंत्र गुदमरलं. पुढे टीआरसी आणि आयटीआयच्या लोकांनी ते उघडून इथल्या ट्रॅफिकसाठी सुधारून घेतलं, पण तोवर बरीच वर्षं आणि खात्याची अब्रू दोन्ही गेली होती. फोन कमी असले की प्रत्येक फोनवरचा ताण वाढतो हे गणित परदेशी कंपनीला सुचायचं काही कारणच नव्हतं.

म्हणजे सत्तरच्या दशकात इथल्या इंजिनिअरना येत काहीच नव्हतं असं नाही. मुंबईत टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) एम. व्ही. पिटके यांचा गट लष्करासाठी इलेक्ट्रॉनिक एक्सचेंजवर काम करत होता, टीआरसीनेही स्वतःचं छोटं इलेक्ट्रॉनिक एक्सचेंज करून पाहिलं होतं. पण टीआयएफआर अणुऊर्जेच्या छत्राखाली, टीआरसी पोस्ट-तार खात्याची, आयटीआय बंगळूरला आपल्या कारखान्यात मग्न. तिघांची तोंडं तीन दिशांना. प्रोटोटाइप व्हायचा, रिपोर्ट व्हायचा, आणि कारखान्याच्या फाटकापाशी सगळं थांबायचं.

मग १९८१ ची सरीन समिती, दूरसंचारावर नेमलेली. डिजिटलकडे चला असं तिने सांगितलं आणि लगोलग १९८२ मध्ये फ्रान्सच्या सीआयटी-अल्काटेलशी ई-१०-बी एक्सचेंजसाठी करार झाला, उत्तर प्रदेशात गोंडा जिल्ह्यातल्या मनकापूरला वर्षाला ५ लाख लाइनींचा कारखाना. हा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही, शहरांना मोठी एक्सचेंजेस हवीच होती आणि लगेच हवी होती. पण ई-१०-बी मोठ्या शहराचं यंत्र. वातानुकूलित खोली लागणार, भरवशाची वीज लागणार. खेड्याचं काय, याचं उत्तर त्या करारात नव्हतं.

पित्रोदा इथे येतात. ओडिशातल्या टिटलागढचे, बडोद्यात शिकलेले, अमेरिकेत डिजिटल स्विचिंगमध्ये नाव कमावलेले. वेस्कॉम स्विचिंग ही त्यांची कंपनी १९८० मध्ये रॉकवेलने घेतली आणि माणूस मोकळा झाला. १९८१ मध्ये त्यांनी इंदिरा गांधींसमोर मांडणी केली की भारताला छोट्या, दणकट, खेड्यात टिकणाऱ्या डिजिटल एक्सचेंजची गरज आहे आणि ती इथलीच तरुण पोरं बनवू शकतात. राजीव गांधींना ते पटलं. हे सगळं खूपदा लिहून झालंय म्हणून मी त्यावर रेंगाळत नाही. वर्षाला एक रुपया पगार वगैरेही सगळ्यांना माहीत आहे.

ज्याच्याबद्दल कमी बोललं जातं ते म्हणजे संस्थेचा साचा. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झाली ती सरकारी खातं म्हणून नाही, कंपनी म्हणूनही नाही, तर नोंदणीकृत सोसायटी म्हणून. दिसायला किरकोळ, पण सगळी गंमत इथेच आहे. सोसायटी असल्यामुळे सरकारी वेतनश्रेणी लागू नाही, भरती आपली आपण, खरेदीची प्रत्येक फाइल वरपर्यंत न्यायची नाही, आणि पैसे एकरकमी ठरलेले: ३६ महिने, ३६ कोटी. प्रमुख जी. बी. मीमांसी हे खात्यातूनच आलेले, त्यामुळे खात्याची भाषा समजणारा माणूस आत. टीआयएफआरचा गट आणि टीआरसीचा गट, जे वर्षानुवर्षं वेगवेगळ्या वाटांनी चालत होते, ते एका छताखाली आले. पित्रोदांच्या आधी हे कुणाला जमलं नव्हतं, आणि माझ्या मते त्यांचं खरं कर्तृत्व यंत्रापेक्षा हे आहे. बाकी भरती ताज्या इंजिनिअरांची, सरासरी वय पंचविशीच्या आसपास, ऑफिस दिल्लीत अकबर हॉटेलच्या इमारतीत आणि बंगळूरला. रात्री उशिरापर्यंत दिवे चालू असलेलं सरकारी पैशाचं ऑफिस हे त्या काळात अप्रूपच.

आणि त्यांनी काय बनवलं तेही बघा. रॅक्स, म्हणजे रूरल ऑटोमॅटिक एक्सचेंज, १२८ पोर्टचं (पोर्ट म्हणजे लाइन जोडायची जागा). एवढंसं कपाट. एसी लागत नाही, कारण कमी वीज खाणारे भाग वापरून उष्णता आपोआप निघून जाईल अशी रचना केलेली. धूळ, उन्हाळा, वीज जाणं-येणं हे सगळं धरूनच डिझाइन. कार्ड बिघडलं तर दुरुस्त करत बसायचं नाही, काढायचं आणि दुसरं खोचायचं, म्हणजे तालुक्याच्या माणसालाही जमेल. आणि एका लाइनवर भरमसाट ट्रॅफिक असणार हे गृहीतच धरलेलं. क्रॉसबारने जी फी घेतली होती तिची ही पावती समजा. १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला पहिलं रॅक्स बसलं.

जगातल्या बड्या कंपन्या तेव्हा दहा-दहा हजार लाइनींच्या एक्सचेंजच्या मागे होत्या. शंभरच्या आतबाहेर गिऱ्हाइकांच्या गावासाठी डिजिटल यंत्र करून त्यांना मिळणार काय. म्हणजे सी-डॉटने जी जागा धरली तिथे स्पर्धाच नव्हती आणि गिऱ्हाईक मात्र हक्काचं होतं. नवी संस्था उभी राहायला याहून चांगली जमीन कुठली. त्याच सुमाराला मीटर लावलेले पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ गावोगाव उगवले आणि फोन मालकीचा नसला तरी वापरता येतो हे लोकांना कळलं. आमच्याकडे रात्री दहानंतर दर कमी व्हायचे म्हणून बूथबाहेर जी रांग लागायची तिच्यात अर्ध्या गावाच्या खाजगी गोष्टी सगळ्यांना पाठ व्हायच्या, ते एक असो.

आता बनवणाऱ्यांकडे येऊ. सी-डॉटला स्वतःचा कारखाना नव्हता आणि तो मुद्दाम नव्हता. डिझाइन तयार झालं की लायसन्स द्यायचं, एकट्या आयटीआयला नाही तर सरकारी-खाजगी अशा अनेक कंपन्यांना. या एका निर्णयाने आयटीआयची मक्तेदारी ढिली पडली, कनेक्टर, रिले, पीसीबी असे सुटे भाग बनवणारे छोटे उद्योग उभे राहिले, आणि पहिल्यांदाच खात्याला चार जणांकडून भाव मागवता यायला लागले. पसरायचं काम या मांडणीने झकास केलं.

पण त्याच मांडणीत पुढची अडचण पेरलेली होती. लायसन्स घेणाऱ्याला आराखडा आयता मिळत होता, चाचणीची पद्धत आयती, सुटे भाग कुठून घ्यायचे त्याची यादी आयती. सगळे तेच यंत्र बनवणार आणि एकाच खात्याच्या टेंडरला भरणार. मग शेजाऱ्यापेक्षा वेगळं काही करून फायदा काय? भाव रुपयाने कमी करणं एवढीच स्पर्धा. डिझाइनची टीम कुणी ठेवलीच नाही, म्हणजे ठेवणाऱ्याचं नुकसान झालं असतं. आणि तिकडे सी-डॉटला आपलं यंत्र फील्डमध्ये कसं वागतंय हे कळणार ते कारखाना आणि खातं अशा दोन भिंतींपलीकडून. जो बनवतो तो शिकत नाही, जो शिकायला हवा त्याच्यापर्यंत तक्रार उशिरा पोचते.

दुसरी अडचण मोठ्या एक्सचेंजची. ३६ महिन्यांच्या वायद्यात रॅक्सबरोबर शहरासाठीचं मोठं मॅक्स एक्सचेंजही होतं. रॅक्स वेळेत झालं, मॅक्स लांबलं. यात मला फार मोठं पाप दिसत नाही. १२८ पोर्टवरून हजारो लाइनींवर जायचं तर गुणाकार करून भागत नाही, गर्दीच्या तासाला किती कॉल-प्रयत्न झेलायचे हा सॉफ्टवेअरचा वेगळाच डोंगर असतो, आणि जगभरच्या कंपन्यांनी त्यावर कैक पटींनी जास्त पैसे ओतलेले होते. पण वायदा जाहीर केलेला होता ना. खात्यातली जी मंडळी पहिल्यापासून या बाहेरच्या पोरांवर खार खाऊन होती त्यांना हत्यार मिळालं. सोसायटीच्या साच्याने जी मोकळीक दिली होती तिची ही दुसरी बाजू: खात्याच्या बाहेर असल्यामुळे वेग मिळाला, आणि बाहेर असल्यामुळेच अडचणीच्या वेळी खात्यात आपलं म्हणणारं कुणी नव्हतं. छत्र होतं ते थेट पंतप्रधानांचं. १९८९ च्या निवडणुकीनंतर ते गेलं. पित्रोदा तोवर नव्या टेलिकॉम कमिशनचे अध्यक्ष झाले होते, नव्या संचारमंत्र्यांशी जाहीर खटके उडाले, आरोप झाले, त्यांना हृदयविकाराचा त्रास झाला आणि थोड्याच काळात ते अमेरिकेला परतले. संस्था बंद पडली नाही, पण तिचा दरारा गेला. तयार झालेले इंजिनिअर बंगळूरच्या खाजगी आणि परदेशी टेलिकॉम सॉफ्टवेअर कंपन्यांनी उचलले. देशाला माणसं मिळाली असं म्हणता येईल, सी-डॉटला मात्र ती मिळेनाशी झाली.

१९९१ नंतर एक्सचेंजचं उत्पादन परदेशी कंपन्यांना खुलं झालं. सीमेन्स, एरिक्सन, एटी अँड टी, फुजित्सू, सगळे आले. गंमत म्हणजे सी-डॉट इथे हरलं नाही. मॅक्स उशिरा का होईना तयार झालं, नव्वदच्या दशकात ते आणि रॅक्स मिळून देशाच्या लँडलाइन जाळ्याचा मोठा हिस्सा उचलत होते, आणि घरात स्वस्त पर्याय तयार आहे म्हटल्यावर परदेशी कंपन्यांना भाव खाली आणावे लागले. खेड्यात तर सी-डॉटला तोड नव्हती.

हरलं ते पुढच्या वळणावर, आणि ते समजायला कोरियाकडे बघायला पाहिजे.

कोरियाची गोष्ट सुरुवातीला इतकी सारखी आहे की चकित व्हायला होतं. तिथेही वेटिंग लिस्ट, तिथेही आयात स्विच, तिथेही सरकारी संशोधन संस्था, एट्री. टीडीएक्स नावाचं स्वदेशी डिजिटल एक्सचेंज करायला त्यांनी २४०० कोटी वॉन काढले, तोवरच्या त्यांच्या संशोधनाच्या मानाने प्रचंड रक्कम, आणि फसलो तर कुठलीही शिक्षा घेऊ असं संशोधकांकडून लेखी घेतलं. टीडीएक्स-१ चालू झालं १९८६ मध्ये, म्हणजे आपलं कित्तूरचं वर्ष, आणि तेही आधी ग्रामीण भागातच.

फरक पुढे. कोरियाने लायसन्स डझनावारी वाटलं नाही, चारच कंपन्या घेतल्या, सॅमसंग आणि गोल्डस्टार त्यातल्या, आणि त्यांचे इंजिनिअर एट्रीच्या प्रयोगशाळेत पहिल्यापासून बसवले. यंत्र तयार झाल्यावर हातात आराखडा द्यायची वेळच आली नाही, तो त्यांनीच अर्धा काढलेला होता. फोन चालवणारी सरकारी कंपनी १९८२ मध्ये मंत्रालयातून वेगळी काढलेली, तिने पैसेही घातले आणि खरेदीही केली. आणि महत्त्वाचं म्हणजे टीडीएक्स संपलं तेव्हा तीच टोळी न मोडता पुढच्या कामाला लावली: १९९१ मध्ये क्वालकॉमशी करार, सीडीएमए पद्धतीचा मोबाइल, आणि १९९६ च्या जानेवारीत व्यावसायिक सेवा सुरू. त्या एका वळणावरून सॅमसंग आणि एलजी मोबाइलमध्ये कुठे पोचले ते आपल्या खिशातच दिसतं.

आपल्याकडे १९९५ च्या ३१ जुलैला कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत संचारमंत्री सुखराम यांना पहिला मोबाइल कॉल केला. सगळं तंत्रज्ञान बाहेरचं. नव्या लायसन्सच्या अटीतच जीएसएम ही युरोपची मोबाइल पद्धत ठरलेली, आणि लायसन्स घेणाऱ्या खाजगी कंपन्यांना यंत्राबरोबर उधारीही हवी होती, कारण लायसन्सच्या फीनेच त्यांचं कंबरडं मोडलेलं. परदेशी विक्रेते ती उधारी देऊ शकत होते. सी-डॉटकडे ना मोबाइलचं यंत्र तयार होतं, ना पाठीशी बँक, ना आपल्या खर्चाने वाट बघेल असा एखादा कारखानदार. १९८४ मध्ये ३६ कोटी मिळाले ते एका कामासाठी मिळाले होते, पुढचं काम काय आणि ते कुणी ठरवायचं हे कुठल्याच कागदावर नव्हतं. दूरसंचार खात्याला त्यात पडायचं कारण नव्हतं, त्यांच्या डोक्यावर लँडलाइनची वेटिंग लिस्ट होती. आणि ट्राय, म्हणजे खात्याच्या बाहेरचा पंच, आला तोच १९९७ मध्ये.

कुणी म्हणेल कोरिया छोटा देश, तिथे हुकूमशाही, तुलना चुकीची. थोडं मान्य. पण चारच कंपन्या निवडणं आणि त्यांचे इंजिनिअर लॅबमध्ये बसवणं याला हुकूमशाही लागत नाही. आपल्याकडे चार निवडल्या असत्या तर पाचव्याने कोर्टात खेचलं असतं आणि संसदेत प्रश्न आला असता, हेही खरं. सर्वांना लायसन्स हा आपल्या राजकारणात बसणारा तोडगा होता, आयटीआयची मक्तेदारी मोडायला तो उपयोगीही पडला. मला एवढंच म्हणायचंय की त्याची किंमत दहा वर्षांनी मोजावी लागली आणि मोजताना ती कशाची किंमत आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही, सगळे म्हणत राहिले की सरकारी संस्था सुस्त झाली.

हे सगळं आत्ता उकरून काढायचं कारण बीएसएनएलचं ४जी. २०१६ मध्ये जिओ आलं, बाकीचे धावले, बीएसएनएल बसून राहिलं, कारण सुरुवातीला त्याच्याकडे ४जीच्या लहरीच (स्पेक्ट्रम) नव्हत्या, आणि मग स्वदेशी यंत्रणाच घ्यायची अट आली आणि ती यंत्रणा आधी तयार व्हायची होती. शेवटी २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुडा इथून तिचं उद्घाटन झालं, सुमारे ९७,५०० टॉवर. त्यात कोअर, म्हणजे कॉल आणि डेटा कुठे पाठवायचा ते ठरवणारा मधला भाग, सी-डॉटचा, टॉवरवरचा रेडिओ तेजस नेटवर्क्स कंपनीचा, आणि सगळं एकत्र बांधायचं काम टीसीएसचं. जुन्या प्रकरणाशी ताडून बघितलं तर एक गोष्ट बदललीय: तेजस आयता आराखडा घेऊन माल काढत नाही, तिची स्वतःची डिझाइन टीम आहे आणि सी-डॉट सोडूनही ती परदेशात माल विकते. १९८६ च्या लायसन्सवाल्यांकडे नेमकं हेच नव्हतं. आणि एक गोष्ट तशीच आहे. एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया रेडिओ घेतात एरिक्सन, नोकिया, सॅमसंगकडून, जिओही तिथूनच घेते आणि बाकीचं स्वतःचं स्वतः करू बघते, त्यामुळे सी-डॉटच्या या कोअरला पुढची मोठी ऑर्डर द्यायची झाली तर ती आज तरी बीएसएनएलच देणार.